अंक कुणाच्या मालकीचे? गणिताची पहिली शाळा आपल्याच घरात

गणितालाही जात आहे असे आम्ही म्हटले की काही लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. दोन अधिक दोन ब्राह्मणाच्या घरी चार आणि महाराच्या घरीही चारच, मग जात आली कुठून, असे ते विचारतात. उत्तर सोपे आहे. दोन अधिक दोन सगळीकडे चारच होतात; पण ते शिकायचे कोणी, लिहायचे कोणी आणि खाली नुसता अंगठा उमटवायचा कोणी, हे या देशात जातीने ठरवले. गावाचा हिशोब कुळकर्ण्याच्या दप्तरात होता आणि कर्जाचा हिशोब सावकाराच्या वहीत. पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकली जात होती तेव्हा आमच्या पूर्वजांना त्या शाळेची पायरी बंद होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, ते उगाच नाही. ज्या कागदावरचा आकडा आपल्याला वाचता येत नाही, तो कागद म्हणजे गळ्यातला फास असतो हे त्यांना पुरते कळले होते.

म्हणूनच जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात काय असावे हे सांगताना मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोबाची मागणी केली. लुटणारा आकड्यांतून लुटतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि बाबासाहेब? एल्फिन्स्टन हायस्कूलमधला तो प्रसंग धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमराव नावाच्या मुलाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले आणि मगच त्या मुलाला फळ्याला हात लावता आला. मित्रांनो, हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. तो गणिताचाही दाखला आहे. आमचा मुलगा आणि फळ्यावरचे उदाहरण यांच्यामध्ये डबे ठेवलेले होते. त्याच मुलाने पुढे १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली आणि १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. देशाच्या पैशाचा हिशोब त्याने राज्यकर्त्यांना समजावून सांगितला.

आज फळ्यामागे डबे नाहीत. पण आमची मुले अजूनही गणितापाशीच अडखळतात. दहावीत गणित, नवोदयच्या परीक्षेत अंकगणित, पोलीस भरती, रेल्वे, बँक, तलाठी, एमपीएससीची सी-सॅट, सगळीकडे तोच दरवाजा आहे आणि तिथेच गर्दी अडते. संविधानाने राखीव जागा दिल्या. त्या जागेपर्यंत पोहोचण्याची परीक्षा मात्र तिसरीतच हरलेली असते, आणि तिसरीतली हार त्याच्याही आधी, अंगणवाडीच्या वयात सुरू झालेली असते.

तीन ते सहा: हक्काबाहेर टाकलेली वर्षे

हे आम्ही हवेत बोलत नाही. २००७ साली ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या मुलांच्या सहा दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र तपासली. शाळेत पाऊल ठेवताना मुलाला असलेली संख्येची समज ही पुढच्या शालेय यशाची सर्वांत मोठी खूण ठरली, वाचनापेक्षाही मोठी. आपल्याकडे असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी फक्त ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी आली, आणि पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना भागाकार. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता येईल असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य ठेवायला पैसे लागत नाहीत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली घडलेल्या संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, असे म्हटले होते. वयाला खालची मर्यादा नव्हती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कलम २१-क मध्ये हक्क मिळाला तो सहा ते चौदा वयाला. सहा वर्षांखालच्या मुलांना नव्या कलम ४५ मध्ये ढकलले, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वात, म्हणजे ज्यासाठी कोर्टात जाता येत नाही तिथे. ज्या वर्षांत संख्येची समज तयार होते नेमकी तीच वर्षे हक्काच्या बाहेर राहिली. पैसेवाल्यांनी ही पोकळी प्ले-स्कूल आणि अबॅकसच्या क्लासने भरून काढली. आमच्या वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला एक खोलीची अंगणवाडी आली, जिथे एकाच सेविकेने खिचडी वाटायची, वजने घ्यायची, रजिस्टर भरायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे.

ही लढाई सरकारशी आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण मूल थांबत नाही. ते आज चार वर्षांचे आहे, आंदोलन यशस्वी होईपर्यंत ते दहा वर्षांचे होईल. म्हणून आम्ही म्हणतो, रस्त्यावरची लढाई रस्त्यावर आणि स्वयंपाकघरातली लढाई स्वयंपाकघरात, दोन्ही एकाच वेळी लढू या.

"आम्हाला कुठं येतं गणित?"

वस्तीत पालकांशी बोलायला बसले की पहिले वाक्य हेच ऐकू येते. बोलणारी बाई चार घरची धुणीभांडी करते, प्रत्येक घरचा खाडा लक्षात ठेवते, भिशीचा नंबर कधी लागणार ते बोटांवर सांगते, बचत गटाचे व्याज तोंडी काढते. आणि म्हणते, आम्हाला गणित येत नाही! बाप मंगळवारी बाजारात ठेला लावतो, पावणेदोन किलोचे पैसे गिऱ्हाइकाने पिशवी उघडायच्या आत सांगतो, आणि म्हणतो, पोट्ट्याच्या गणितातलं आपल्याला काही समजत नाही. हजारो वर्षे ज्यांना सांगितले गेले की तुम्हाला डोके नाही, त्यांनी ते खरे मानले. "गणित आपल्या लोकांचं काम नाही" हे वाक्य म्हणजे आपल्याच तोंडून बोलणारी मनुस्मृती आहे. १९२७ साली महाडला ती जाळली. या वाक्यातली अजून जाळायची राहिली आहे.

१९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठेल्यावर विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के बरोबर आले. तेच आकडे कागदावर निव्वळ उदाहरण म्हणून दिल्यावर ३७ टक्केच बरोबर आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा असाच अभ्यास २०२५ साली नेचर या नियतकालिकात मांडला. बाजारातली मुले गुंतागुंतीचा व्यवहार तोंडी करतात आणि शाळेतल्या साध्या उदाहरणाला अडतात. शाळेतली मुले उदाहरण सोडवतात आणि बाजारात गडबडतात.

याचा अर्थ काय? डोके आहे. त्या डोक्यातल्या गणिताला शाळा ओळखत नाही. बाजार आणि फळा यांच्यामध्ये कोणी पूल बांधला नाही. तो पूल घरात बांधता येतो, आणि सहाव्या वर्षाच्या आत बांधला तर तो पक्का होतो. आम्ही मुलांना ठेल्यावर बसवा असे म्हणत नाही. बालमजुरी हा आमचा अभिमान नाही. घरात जे रोज चाललेलेच असते त्यात मुलाला ओढा, एवढेच म्हणतो.

घोकंपट्टी म्हणजे गणित नव्हे

पाहुणे आले की मुलाला उभे करतात आणि "वन टू हंड्रेड" म्हणायला लावतात. मूल धडाधड म्हणते, सगळे खूश. त्याच मुलापुढे सात चिंचोके ठेवा. ते बोट लावून सातपर्यंत मोजेल. मग विचारा, "किती आहेत?" पुष्कळ मुले परत एकपासून मोजायला लागतात. म्हणजे मोजताना शेवटी आलेला शब्द हीच एकूण संख्या, ही गोष्ट अजून त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. मंत्र पाठ करून घेणे आणि अर्थ दडवणे ही ब्राह्मणी शिक्षणाची पद्धत आहे. आपली पद्धत "एहि पस्सिको" ची आहे, ये आणि स्वतः पाहा. तर पाहायला द्या.

जेवायला बसण्याआधी ताटे मुलाला मांडू द्या. घरात पाच माणसे, पाच ताटे, एक कमी पडले तर किती आणायची? पोळ्या बारा आणि माणसे चार, सगळ्यांना सारख्या वाट. हा भागाकार आहे, त्याला नाव नंतर कळेल. संत्र्याच्या शहरात राहतो आपण. संत्रे सोलायच्या आधी विचारा, आत किती फोडी असतील? अंदाज घेऊ द्या, मग मोजू द्या, चुकले तर हसू नका. दोघांत वाटून एक फोड उरली तर काय करायचे, तेही मुलालाच ठरवू द्या. सम-विषम तिथेच भेटते.

बुधवार बाजारात भाजी घेताना सांबाराच्या दोन जुड्या, पाव किलो मिरची, अर्धा किलो वांगी असे मोठ्याने बोला आणि पिशव्या मुलाच्या हातात द्या. जड कोणती, हलकी कोणती? पाव, अर्धा, पाऊण हे शब्द हाताला कळले की अपूर्णांक पुढे भूत बनून येत नाही. घरी तांदूळ आणि पाणी मापताना एक उंच आणि एक बुटका गिलास घ्या. उंच गिलासातले पाणी बुटक्यात ओता आणि विचारा, आता कमी झाले का? चार वर्षांचे मूल बहुधा "हो" म्हणेल. वाद घालू नका, परत ओता, परत पाहू द्या.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. किराणा दुकानात आता आपण मोबाईल दाखवतो, "टिंग" वाजते आणि व्यवहार संपतो. मुलाला पैसा दिसतच नाही. सुटे किती दिले, किती परत आले हे जे आपण लहानपणी डोळ्यांनी शिकलो ते यांच्या डोळ्यांपुढून गेले. म्हणून घरात एका डब्यात दहाच्या काही नोटा आणि एक रुपयाची नाणी मुद्दाम ठेवा. तेवीस म्हणजे दोन नोटा आणि तीन नाणी. दहा नाणी झाली की एक नोट. पुढे शाळेत एकक-दशक म्हणून जे येते आणि मुलांना छळते ते इतकेच असते.

आपल्या धम्मातच केवढे अंक आहेत! त्रिशरण, चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, बावीस प्रतिज्ञा. अशोकचक्राचे आरे मुलाला मोजू द्या. गोल वस्तू मोजताना सुरुवात कुठून केली हे विसरते, मग एका आऱ्यावर खूण करायची युक्ती मूल स्वतः शोधते आणि चोवीसपर्यंत पोहोचते. १४ एप्रिलला निळ्या-पांढऱ्या पताकांचे तोरण लावताना पुढची पताका कोणती ते त्याला सांगू द्या. दीक्षाभूमीला जायला किती दिवस उरले ते कॅलेंडरवर रोज एक खूण करून मोजू द्या. वंदना झाल्यावर घरी परतताना पंधरा मिनिटे यात जातील, जास्त नाही.

खेळाचेही तसेच. चार चिंचोके फोडून फेकायचे, किती पांढरे, किती काळे? तीन आणि एक, दोन आणि दोन, चार आणि शून्य. चार किती तऱ्हांनी होतात ते इथे कळते, आणि शून्यही कळतो. २००८ साली गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी अमेरिकेतल्या गरीब वस्तीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा घरांचा सरळ पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका. त्या मुलांची संख्येची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती. रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. असा पट पुठ्ठ्यावर पेनने आखता येतो, त्यासाठी महागड्या क्लासची पावती फाडावी लागत नाही.

"वीस एक" ची टिंगल कोणी केली?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक", बावीसला "वीस दोन" असे वाचण्याची पद्धत आली. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा तो विचार होता. महाराष्ट्रभर केवढी खिल्ली उडाली! विधानसभेत कोट्या झाल्या, मराठी भाषा बुडाली म्हणून गळे काढले गेले. मुलाला काय अडचण येते हे किती जणांनी विचारले?

अडचण खरी आहे. आपण "पंचवीस" म्हणतो तेव्हा पाच आधी येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी आणि ५ नंतर. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिते आणि मार खाते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत तर वजाबाकी दडलेली आहे, तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी. हे कोणी सांगत नाही, नुसते पाठ करायला लावतात. त्यात एकोणनव्वद आहे आणि एकोणशंभर नाही, तिथे नव्व्याण्णव येते. ज्या घरात तीन पिढ्या पाढे म्हटले गेले तिथे हे शब्द कानावर पडून येतात. ज्या घरात पहिली पिढी शिकते आहे तिथे प्रत्येक शब्द एक दगड आहे. भाषेच्या अभिमानाची किंमत पहिल्या पिढीच्या मुलाने का मोजावी?

आमचे म्हणणे, घरात दोन्ही बोला. "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच." नोटा-नाण्यांचा डबा उघडा आणि दाखवा. परीक्षेत आणि बाजारात पंचवीसच लागणार आहे, तो शब्द आलाच पाहिजे. पण तो समजून आला पाहिजे. कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या मुलालाही हे हवे आहे. शाळेत "ट्वेंटी फाइव्ह" आणि घरी "पंचवीस" यांच्यामध्ये ते एकटेच लटकत असते.

आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे?

आमच्या काही कार्यकर्त्या मैत्रिणी विचारतात, आणि बरोबर विचारतात: घरात शिकवा म्हणजे शेवटी बाईनेच शिकवायचे ना? दिवसभर राबून आलेल्या बाईला हेही काम? आणि सरकार सुटले?

सरकार सुटत नाही. पट कमी म्हणून शाळा बंद करू पाहणाऱ्या, शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्या सरकारला आम्ही सोडणार नाही. सहा वर्षांखालच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्कात आणा, अंगणवाडी सेविकेला शिक्षिकेचा दर्जा आणि पगार द्या, ही मागणी प्रत्येक मोर्चात असली पाहिजे. पण ज्या मुलाला संख्या कळते त्याच्या आईबापाला शाळा काय शिकवत नाही हेही कळते. असा पालक शाळेत जाऊन जाब विचारतो. हिशोब कळणारा माणूस गप्प बसत नाही.

आणि बाईनेच का? बाप काय करतो? मोबाईलवर जयभीमचे स्टेटस ठेवणाऱ्या बापाने संध्याकाळी पोरीला घेऊन पंधरा मिनिटे चिंचोके खेळावेत. पोरीला, हे मुद्दाम म्हणतो. दुकानातून सुटे आणायला मुलाला पाठवायचे आणि पोळ्या लाटायला मुलीला बसवायचे, हा आपल्या घरातला मनुवाद आहे. पैशांचा डबा मुलीच्या हातात द्या. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशी बोलले होते. याच नागपूरच्या जाईबाई चौधरींनी डोक्यावर ओझी वाहण्याची हमाली करता करता शिक्षण मिळवले आणि अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. आपल्या मुलींना गणित झेपत नाही असे या शहरात कोणी म्हणू नये.

शेजारच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. आठवा. "जयभीम" हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रुजवला त्याच माणसाने विडी कामगारांची संघटना बांधली आणि रात्रशाळा चालवली. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. विडीची मजुरी हजारावर मिळते. पंचवीसच्या किती जुड्या म्हणजे हजार, आणि "छाट" म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हे ज्या बाईला मांडता येते तिला फसवणे अवघड असते. जयभीम आणि हिशोब एकाच माणसाच्या कामातून आले आहेत.

विहारांनी काय करावे

नागपुरात इंदोऱ्यापासून रामबागेपर्यंत वस्तीवस्तीत विहार आहेत. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी ठेवा. साहित्य एका पिशवीत मावते: शंभर चिंचोके, दोन फासे, पुठ्ठ्याचा पट, काही नोटा-नाणी, दोन गिलास, एक दोरी. कॉलेजात शिकणाऱ्या दोघांनी महिन्यातून दोन रविवार द्यावेत. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला मानाने बोलवा, तिच्याकडून शिका. मुलांना शिकवून पाठवण्यापेक्षा पालकांना खेळ दाखवून घरी पाठवा. आणि एक नियम पाळा: चुकलेल्या मुलाला कोणी "डोकं नाही" म्हणायचे नाही. त्याला विचारायचे, "तू कसं मोजलं, सांग बरं?" त्याच्या उत्तरात चूक कुठे झाली ते सापडते, आणि पुष्कळदा त्याचे डोके आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने चालले होते हेही कळते.

जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे उडतात तेवढ्यात अशा किती पिशव्या होतील, हा हिशोब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर मांडावा. आम्ही मांडून दाखवत नाही. तो त्यांनी स्वतः मांडला तरच उपयोग आहे.

"शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" ही घोषणा आपण भिंतीभिंतीवर लिहिली. १९४२ साली याच शहरात बाबासाहेबांनी ती आपल्याला दिली. त्यात "शिका" पहिले आहे. आणि शिकणे पहिलीच्या प्रवेशापासून सुरू होत नाही, ते आईच्या ताटातल्या चौथ्या पोळीपासून सुरू होते.

जयभीम!